स्टेशनरीतला 'ए' आणि चिडणाऱ्यांची परंपरा

लग्नसराईत कोल्हापुरात फ्लेक्स लागले की वाचणाऱ्यांच्या दोन जमाती पडतात. पहिली नवरा-नवरी कुणाच्या घरची ते बघते. दुसरी 'वेलकम'मध्ये डबल एल दिसला की तिथंच अडकते. राजारामपुरीत क्लासच्या पाटीवर 'ट्यूशन'मधला आय गळालेला असतो, मेन्यूकार्डावरच्या 'प्लेन डोसा'चं स्पेलिंग विमानाचं असतं आणि दहावीच्या ग्रुपवर कुणी 'वन ऑफ माय फ्रेंड' लिहिलं की लगेच खाली कुणीतरी विचारतो, 'एस कुठाय?' मी दुसऱ्या जमातीतला. पण ही चीड आली कुठून याचा माग काढत गेलं, की चिडणाऱ्यांची बाजू दिसते तितकी भक्कम राहत नाही.

इंग्रजी स्पेलिंग वाकडं झालं त्यात छापखान्याचा मोठा हात आहे. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. त्याआधी तो बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात होता. 'घोस्ट'च्या स्पेलिंगात जी नंतर जो एच बसलाय, तो तिकडच्या फ्लेमिश वळणातून आला असं मानतात. छपाईमुळं शब्दांची रूपं हळूहळू गोठू लागली, आणि नेमका हाच काळ होता जेव्हा इंग्रजांचे दीर्घ स्वर तोंडातल्या तोंडात जागा बदलत होते. साधारण १४०० ते १७०० एवढा काळ हे चाललं. आपण 'नेम' म्हणतो तो शब्द त्याआधी जवळजवळ 'नाम' असाच ऐकू यायचा. रात्रीच्या 'नाइट'मधला जीएच आणि सरदाराच्या 'नाइट'मधला के हेही एके काळी खरोखर उच्चारले जात. बोलणं पुढं गेलं, लिहिणं तिथंच राहिलं.

त्यात विद्वानांनी भर घातली. 'डेट' म्हणजे कर्ज या शब्दात बी नव्हता. लॅटिन मुळाची आठवण म्हणून तो मागाहून घुसवला. 'आयलंड'ची गोष्ट तर याहून मजेची. हा शब्द अस्सल इंग्रजी, त्यात एस कधीच नव्हता. लॅटिनवरून आलेल्या दुसऱ्याच एका शब्दाशी नातं आहे असं समजून तो चिकटवला गेला. ज्या एसपायी आपल्याकडं कित्येकांनी वर्गात हातावर छडी घेतली, तो मुळात शिकलेल्या माणसांची चूक आहे. स्टेशनरीचंही असंच. मध्ययुगात फिरत्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकणारा तो 'स्टेशनर'. म्हणजे 'स्थिर' या अर्थाचा ए-वाला शब्द आणि वह्या-पेन्सिलींचा ई-वाला शब्द हे एकाच मुळाचे. दोघांची स्पेलिंगं नंतर वेगळी झाली. महाद्वार रोडवरच्या दुकानदारानं पाटीवर ए टाकला तर त्यानं नकळत दोन चुलतभावांची पुन्हा गाठ घालून दिलेली असते.

मग चूक ही चूक कधी ठरली? शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या आज शिल्लक आहेत, त्यांत त्यानं स्वतःच्या नावाचं स्पेलिंग एकसारखं ठेवलेलं नाही, आणि त्यावरून त्याला कुणी अडाणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. चिडण्याची खरी पेरणी अठराव्या शतकातली. १७१२ मध्ये जोनाथन स्विफ्ट या लेखकानं इंग्रजी भाषा सुधारून एकदाची पक्की करावी अशी जाहीर मागणी केली. तशी सरकारी संस्था काही निघाली नाही. तिची जागा पुस्तकांनी घेतली. सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये आला, रॉबर्ट लोथचं व्याकरण १७६२ मध्ये. लोथ पुढं लंडनचा बिशप झाला. त्यानं तळटीपांमध्ये शेक्सपिअर, मिल्टन अशा थोरामोठ्यांच्याच चुका काढून दाखवल्या. मला वाटतं, फ्लेक्सखाली उभं राहून हसणाऱ्या आपल्या जमातीचा मूळपुरुष हाच. अशा पुस्तकांना गिऱ्हाईकही तयार होतं. व्यापारात पैसा मिळवलेल्या, पण मोठ्यांच्या पंगतीत बसताना आपण कुठं उघडे पडू या धाकात असलेल्या माणसाला नियम हवेच होते. नियम आले तसे ते मोडणाऱ्याला ओळखणंही सोपं झालं.

यातले काही नियम किती कोवळे आहेत ते अपॉस्ट्रॉफीवरून कळतं. 'त्याचा' या अर्थाच्या 'इट्स'ला आज वरचा स्वल्पविराम दिला तर लोक कपाळाला हात लावतात. अठराव्या शतकात मात्र चांगले शिकलेले लोक तो सर्रास देत होते. इंग्लंडमध्ये या चिन्हाच्या रक्षणासाठी जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकारानं २००१ साली रीतसर मंडळ काढलं होतं. २०१९ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं सांगून त्यांनी ते बंद केलं. खुद्द तिकडं ही अवस्था, तर इकडं 'पाटील'च्या पुढं ते चिन्ह नक्षीसारखं लागलं म्हणून काय बिघडलं?

आपल्यापर्यंत हे सगळं आलं ते लिंडली मरे या माणसाच्या हातून. अमेरिकेत वकिली केलेला मरे नंतर इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ राहायला गेला आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यानं १७९५ मध्ये व्याकरण लिहिलं. ते तुफान खपलं. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं तेव्हा त्यांच्यापुढं नमुना होता तो मरेच्याच धर्तीचा. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुळवले ते मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं, तेही इंग्रजीच्याच वळणावर. म्हणजे इंग्रजी शुद्ध लिहिण्याचा आणि मराठी शुद्ध लिहिण्याचा धाक आपल्याकडं साधारण एकाच काळात, एकाच दारातून आला.

त्याआधी कोल्हापूर दरबारचे कागद मोडीत लिहिले जात. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, विरामचिन्हं नसत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळपास नव्हताच. त्या लिपीत वतनं दिली गेली, वसूल झाला, तंटे मिटले. वेलांटी पहिली की दुसरी, हा प्रश्न त्या कारकुनाला पडलाच नसता.

इंग्रजी शिकण्याची सोय मात्र इथं लवकर झाली. राजाराम कॉलेज १८८० चं. गोपाळ कृष्ण गोखले यांचं सुरुवातीचं इंग्रजी शिक्षण कोल्हापुरातच झालं. ज्या पिढीला इंग्रजी हे वाघिणीचं दूध वाटत होतं, तिला ते पिताना सांडलेलं चालणार नव्हतं, कारण बघणारे टपलेले होते. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'बाबू' या नोंदीखाली इंग्रजी लिहिणारा नेटिव्ह कारकून असा अर्थ दिलाय आणि त्याला तुच्छतेची छटा आहे. 'बाबू इंग्लिश'वर हसणं हा साहेबांचा करमणुकीचा विषय होता. आज आपण एकमेकांच्या 'मायसेल्फ सुरेश'वर हसतो तेव्हा साहेबाच्याच क्लबातल्या रिकाम्या खुर्चीवर बसलेलो असतो. गंमत अशी, की ज्याची आता चेष्टा होते ते 'डू द नीडफुल' साहेबाच्याच कचेरीतलं. त्यानं ते टाकून दिलं, आपण सांभाळलं.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि लिहिणाऱ्यांच्या रांगेत पूर्वी कधीच नसलेली माणसं आली. लिहिणारे वाढले तसे चुका मोजणारेही वाढले. इंग्रजीच्या स्पेलिंगवर हसणारा 'पानी' आणि 'लोनी'वरही हसतो, आणि कोणत्या घरातून आलास हेच त्याला दोन्हीकडं विचारायचं असतं. याच शहरात राजाराम कॉलेजात शिकवणारे माधव जूलियन हे फारसीचे जाणकार, पण शेवटी मराठीतले फारसी आणि इंग्रजी शब्द काढून टाकण्याच्या मोहिमेत उतरले. शुद्धतेची ओढ कुणाला कुठं नेईल सांगता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजी आठवीपासून होतं, पुढं मराठी माध्यमाला पाचवीपासून आणि २०००-०१ पासून पहिलीपासून. त्याच सुमारास पाटी रंगवणारा पेंटर मागं पडला आणि फ्लेक्स आला. चुकांचं पीक वाढलं त्याचं अर्धं कारण मला इथं दिसतं. बाबूराव पेंटरांच्या या गावात पेंटर शिडीवर चढून एकेक अक्षर काढायचा. तेवढ्यात खालून चहावाला, नाहीतर रिटायर मास्तर ओरडायचा, 'एक एल पूस की!' फ्लेक्स रात्री टाइप होतो, सकाळी टांगलेला असतो. कॉम्प्युटरची लाल रेघही फक्त नसलेल्या शब्दाखाली येते. विमान हा शब्द खरा आहे, त्यामुळं विमानाचा डोसा बिनबोभाट छापला जातो. शिवाय देवनागरीत वाढलेला हात ऐकू येईल तसं लिहितो. त्यात अडाणीपणा कमी आणि तर्क जास्त.

तरी सगळीच चीड फुकट नव्हे. डबल एलमुळं लग्नाला आलेला एकही पाहुणा माघारी गेलेला नाही. पण अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात यादीच्या शेवटी एक स्वल्पविराम नव्हता, त्यावरून एका डेअरीच्या ड्रायव्हरांनी दावा लावला. २०१७ मध्ये अपिलात निकाल त्यांच्या बाजूनं गेला आणि पुढच्या वर्षी कंपनीनं ५० लाख डॉलरवर तडजोड केली. करारातला गळालेला 'नॉट', औषधाच्या चिठ्ठीतलं एक अक्षर, इथं चिडायलाच हवं. आणि जर्मनीला माल पाठवणाऱ्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्याला तर स्पेलिंगपेक्षा टिंब-स्वल्पविराम जड जातो. जर्मन पद्धतीत दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम. आपण १,५०० म्हणजे दीड हजार वाचतो, जर्मन माणूस दीड वाचतो. ऑर्डरसोबतच्या पत्रात 'वुई हॅव सेंड' लिहिलेलं तिकडं कुणी मनावर घेत नाही; ड्रॉइंगवरच्या त्या स्वल्पविरामासाठी मात्र फोन येतो.