गेममधील तयार कलासामग्रीचा परवाना

व्हिडिओ गेमसाठी विकत घेतलेली चित्रे, त्रिमितीय मॉडेल, टेक्स्चर (मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रे), अ‍ॅनिमेशन इ. सामग्री (अ‍ॅसेट) कोणत्या अटींवर वापरायची हे ठरवणारा करार. पैसे भरल्यावर फाइल हाती येते. कॉपीराइट बहुतांशी कलावंताकडेच राहतो.

या व्यवहाराला आजचे रूप साधारणतः २०१० मध्ये युनिटी या गेम इंजिनाचे (गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरचे) अ‍ॅसेट स्टोअर सुरू झाल्यानंतर आले असावे. एपिक कंपनीच्या अनरियल या गेम इंजिनाची बाजारपेठ २०१४ मध्ये खुली झाली. २०२४ मध्ये तिची जागा एपिकच्याच ‘फॅब’ या बाजारपेठेने घेतली. अशा परवान्यांत सामग्री गेममध्ये अंतर्भूत करून विकण्याची मुभा असते, सुटी वाटण्याची नसते. विकत घेतलेले झाड गेममधल्या जंगलात चालते; सोर्स कोडसोबत त्याची मूळ फाइल सर्वांसाठी खुली करता येत नाही. एपिकची काही सामग्री तर केवळ अनरियलमध्येच वापरायची असते.

सामग्री मानधन देऊन करवून घेतली असेल, तर भारतात पहिला मालक कोण हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७च्या कलम १७(ख) नुसार, याउलट करार नसल्यास, मोबदला देऊन करवून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, उत्कीर्णन किंवा चलचित्रपट यांचा पहिला मालक काम करवून घेणारा असतो. संगणकावर रंगवलेले पार्श्वचित्र रंगचित्रात मोडते असे म्हणता येईल. त्रिमितीय मॉडेलही त्याच यादीत बसवण्याचा युक्तिवाद होऊ शकतो; परंतु कलम २(ग) मध्ये रंगचित्र, शिल्प व रेखाचित्र यांचा वेगवेगळा उल्लेख आहे आणि १७(ख) मध्ये शिल्प व रेखाचित्र नाहीत. म्हणून मॉडेलचा हक्क कलावंताकडे राहतो, हा अर्थ शब्दांना अधिक धरून वाटतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा नियम निराळा आहे.

कलम ३० प्रमाणे परवाना लेखी हवा. कलम १९ व ३०क एकत्र वाचल्यास, मुदत न लिहिलेला परवाना पाच वर्षांचा आणि प्रदेश न लिहिलेला भारतापुरता मानला जातो. करारात ‘पात्राचे मॉडेल, १ नग’ व मानधन एवढेच लिहिले असेल, तर जगभर विकायच्या गेमसाठी तो अपुरा ठरतो. पुण्यामुंबईच्या लहान स्टुडिओंनी ही कलमे करारापूर्वीच वाचायला हवीत. मोठ्या स्टोअरांचे प्रमाणित परवाने सहसा जगभरासाठी असतात.

हक्क विकल्यानंतरही कलम ५७ प्रमाणे कलावंताचा नामनिर्देशाचा हक्क उरतो, तसेच प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या विरूपणाविरुद्ध दाद मागता येते.