लग्न नाही पण सोबत राहायलेत, मग एकाचं कर्ज दुसऱ्याच्या माथी कसं येतं? थोडी पार्श्वभूमी

पार्टनरने पर्सनल लोन काढलं, हप्ते थकले, आता वसुलीवाला मलाच फोन करायलाय, आमचं लग्न झालेलं नाही तर मी देणं लागते का? संभाजीनगर, नांदेड, लातूरकडं हा प्रश्न आता कानावर येतो. उत्तर एका ओळीचं आहे, कुठल्याच कागदावर तुमची सही नसेल तर नाही. पण हे कळूनही माणूस निवांत होत नाही, कारण दारात येणारा कायदा बघून येत नाही, ‘सोबत राहतो ना, मग भर’ या जुन्या हिशोबाने येतो. हा हिशोब कुठून आला ते बघायचं तर लई मागं जावं लागतं.

आपल्याकडचा कर्जाचा जुना कायदा म्हणजे याज्ञवल्क्य स्मृती अन तिच्यावरची मिताक्षरा ही टीका. मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या (1076 ते 1126) दरबारातला, अन ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्याहून फार लांब नाही. निम्म्याहून जास्त भारताचा वारसाहक्क ज्या ग्रंथावर चालला तो आपल्या शेजारात लिहिला गेला अन शाळेत कोणी सांगितलं नाही, ते जाऊ द्या.

तर त्यात नियम असा की नवऱ्याचं किंवा पोराचं कर्ज बाईने द्यायचं नाही, बाईचं नवऱ्याने द्यायचं नाही, अपवाद एवढाच की पैसा घरासाठी काढलेला असेल तर. मग बाईने कोणतं द्यायचं? जे तिने स्वतः कबूल केलं ते, जे नवऱ्यासोबत मिळून काढलं ते, अन जे स्वतः काढलं ते, बाकी काही नाही. जामीनदार, को-बॉरोअर अन स्वतःचं लोन, आजची बँक तरी यापेक्षा वेगळं काय सांगते. बापाने दारू, जुगार, बायकांच्या नादापायी केलेलं कर्ज पोराने फेडायचं नाही हेही त्यातच. अन गवळी, कलाल, नट, धोबी, शिकारी यांच्या बायकांनी केलेलं कर्ज मात्र नवऱ्याने द्यायचं, कारण त्याचं पोटच तिच्या कामावर चालतं.

आता खरी गंमत. मेलेल्या माणसाची इस्टेट जो घेईल त्याने त्याचं कर्ज फेडायचं, अन त्याची बाई जो घेईल त्यानेही फेडायचं, असं याज्ञवल्क्य सांगतो. म्हणजे सही नाही, जामीन नाही, नुसतं तिला घरात घेतलं म्हणून पहिल्याचं कर्ज अंगावर. वाचताना खटकतं, बाई इथं मालमत्तेच्याच रांगेत बसवलीय. पण सोबत राहिला म्हणून देणं लागला हे तत्त्व इथं उघड लिहिलेलं सापडतं अन माझ्या मते गावातल्या सावकाराच्या डोक्यात आजही हेच बसलंय, श्लोक त्याने वाचला नसला तरी.

इंग्रजांच्या मुलखात 1872 चा करार कायदा आला अन त्याने नातं बाजूला काढून सही पुढं आणली. मराठवाडा तेव्हा निजामाकडं, त्यामुळं इंडियन काँट्रॅक्ट ॲक्ट आपल्याला रीतसर लागू झाला तो 1951 मधे, पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर. त्या कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच धरलीय अन दोघांनी मिळून कर्ज काढलं असेल तर बँक कोणाही एकाकडून सगळंच्या सगळं मागू शकते, निम्मं-निम्मं हा तुमचा घरातला हिशोब, बँकेला त्याचं काही नाही. इंग्लंडात 1880 साली डेबनहॅम विरुद्ध मेलन म्हणून एक केस गाजली, बायकोने दुकानातून उधारीवर कपडे घेतले, नवऱ्याने तिला उधारी करू नको म्हणून आधीच बजावलेलं, ते राहत होते हॉटेलात, वेगळं असं घर चालवतच नव्हते, तर कोर्टाने नवऱ्याला सोडलं. मुद्दा असा की उधारीची जबाबदारी येते ती बायको आहे म्हणून नाही, घर चालवायचा अधिकार तिला दिलाय असं दिसतं म्हणून. त्यामुळं लग्न न झालेल्या जोडप्यालाही तिकडच्या कोर्टांनी हाच नियम लावला. आपल्या किराणा दुकानाच्या वहीत असंच असतं, तुमच्या नावावर पार्टनर महिनोन्महिने सामान नेते अन तुम्ही दर महिन्याला निमूट भरता, मग एखाद्या महिन्याला ‘मी सांगितलं नव्हतं’ म्हणायला तोंड राहत नाही.

पण मराठवाड्यात जोडीवर कर्ज म्हटलं की पहिली आठवते ती ऊसतोडीची उचल, म्हणजे सीझनआधी हातात मिळणारी आगाऊ रक्कम. बीडकडं केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, कुठंही विचारा, मुकादम उचल देतो ती माणसाला नाही तर कोयत्याला, अन एक कोयता म्हणजे दोन माणसं, एक तोडणारा, एक मोळी बांधणारी. एकटा असेल तर अर्धा कोयता. पैसे बहुतेक वेळा बाप्या मोजून घेतो, कागदावर अंगठा-सही त्याचीच, पण फेडायला फडात दोघं. जोडी नेहमी लग्नाचीच असते असंही नाही, माय-लेक असतात, भाऊ-बहीण असतात, कधी नवऱ्याने टाकलेली बाई अन तिच्यासोबत राहणारा गडी असतो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा सीझन संपेपर्यंत, उचल फिटली नाही की बाकी पुढच्या सीझनवर, अन मधेच गडी पळून गेला की मुकादम तिच्या खोपीपुढं उभा. ती म्हणते मी कुठं घेतले पैसे, तो म्हणतो कोयता तुमचा दोघांचा होता. कायद्याने पाहिलं तर तिने कबूल केलेलं नाही, सोबत सही केलेली नाही, स्वतः घेतलेलं नाही, म्हणजे याज्ञवल्क्याच्या तिन्ही कसोट्यांत ती सुटते. उचलीपोटी तिला अडकवून ठेवलं तर 1976 चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहेच. फडात हे सांगणार कोण हा वेगळा प्रश्न.

मग आलं 2005 चं साल. 9 सप्टेंबरपासून हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली, बापाचं कर्ज फेडणं पोराचं धर्मकर्तव्य आहे एवढ्या एका कारणावर नव्या कर्जांसाठी कोर्टात जाता येणार नाही असं तिने ठरवलं, अन चारच दिवसांनी, 13 सप्टेंबरला, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली ज्यात ‘लग्नासारखं नातं’ पहिल्यांदा कायद्यात घेतलं. एका आठवड्यात रक्ताच्या नात्यावरचं कर्ज सुटलं अन बिनलग्नाच्या नात्याला ओळख मिळाली. पुढं 2010 मधे वेलुसामी अन 2013 मधे इंद्रा सरमा या केसेसमधे सुप्रीम कोर्टाने असं नातं ओळखायच्या खुणा सांगितल्या, त्यात जॉइंट खातं, दोघांच्या नावावर घेतलेली जागा, पैशाची एकमेकांना मदत हेही बघायला सांगितलं. महाराष्ट्र सरकारनेही 2008 मधे अशा बाईला पोटगी मिळावी म्हणून प्रस्ताव केला होता. पण हे सगळं पोटगी अन संरक्षणापुरतं. कर्जाला कोणी हात लावला नाही, तिथं अजून 1872 चंच राज्य.

त्यामुळं काही ठिकाणी चमत्कारिक चित्र दिसतं. मायक्रोफायनान्सच्या गटात बाई असेल अन गटाने एकमेकींची हमी घेतलेली असेल तर शेजारणीचा थकलेला हप्ता तिच्यावर येतो, पण ज्याच्यासोबत एका ताटात जेवते त्याच्या बाईकच्या लोनचा एक रुपया येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या मायक्रोफायनान्स नियमांत घर म्हणजे नवरा, बायको अन त्यांची लग्न न झालेली मुलं, पार्टनर त्यात बसतच नाही. जप्तीचंही तसंच, 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे अन लेकरांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही, धर्माने बाईला अंगावरून उतरवता न येणारा दागिनाही नाही. यात सोबत राहणारी कुठंच नाही. तिच्या बाजूने एवढंच की माल मुळात तिचा असेल तर जप्तीवर कोर्टात हरकत घेता येते, त्यासाठी फ्रिज, मशीन, कपाट यांची बिलं तिच्या नावाची पाहिजेत, नाहीतर सिद्ध करत बसा.

अन तो जुना इस्टेट घेणाऱ्याचा नियम? तो मेलेला नाही. त्याच संहितेत मयताच्या मालमत्तेत हात घालणारा कोणीही त्याचा कायदेशीर प्रतिनिधी धरला जातो, वारस असो-नसो. पार्टनर वारला अन त्याच्या खात्यातले दोन लाख काढून घेतले, बाईक वापरायला ठेवली, तर बँक तेवढ्यापुरतं तुमच्यामागं येऊ शकते, त्याहून जास्त नाही. बाई घेणाऱ्याचं कलम तेवढं गळालं.

चेकचंही सांगून टाकतो, कारण धमकी नेहमी त्याचीच असते. जॉइंट खातं असलं तरी बाउन्स झालेल्या चेकवर ज्याची सही त्याच्यावरच 138, म्हणजे चेक बाउन्सचं फौजदारी कलम, लागतं, हे सुप्रीम कोर्टाने 2013 अन 2021 मधे स्पष्ट केलंय, अन 2021 च्या केसमधे तर नवरा-बायकोच होते. लोनच्या फॉर्मवर रेफरन्स म्हणून तुमचा नंबर दिला तर त्याने तुम्ही जामीनदार होत नाही. वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी अन संध्याकाळी 7 च्या नंतर करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मधे बजावलंय, खुद्द कर्जदारालाही.