पराणीची आर आणि कायदा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मराठवाड्यात खांदेमळणी होते. जुवाखाली वर्षभर घासून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळून बैलाला आवतन दिले जाते. जनावराला दुखते, हे येथे कुणाला पटवून द्यावे लागले नाही. त्या दुखण्याचा जाब कुणी कुणाला द्यायचा, हा खरा प्रश्न राहिला.

त्याचे जुने उत्तर धर्माचे होते. विशिष्ट तिथींना वळू, बोकड व मेंढे यांचे खच्चीकरण करू नये, असे अशोकाच्या स्तंभलेखात आहे, तर पारध्यांपासून सशाला वाचवणाऱ्या चक्रधरस्वामींची लीळा महानुभाव परंपरेने जपली आहे. मात्र या विचारात हिंसेचे पाप मुख्यतः करणाऱ्याच्या खात्यावर जमा होत असे. युरोपात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने सतराव्या शतकात प्राण्यांची तुलना यंत्रांशी केली होती. 1789 मध्ये इंग्रज विचारवंत बेंथमने तो रोख बदलला आणि प्राण्याला विचार करता येतो की बोलता येते यापेक्षा त्याला यातना होतात का, हा निकष मांडला. 1822 मध्ये ब्रिटिश संसदेने गुराढोरांच्या छळाविरुद्ध कायदा केला. हिंदुस्थानात 1890 चा कायदा आला. पण मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तो येथे आपोआप लागू नव्हता.

नृत्यांगना व राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या संसदेतील प्रयत्नांनंतर 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यातील पहिल्या गुन्ह्याचा 10 ते 50 रुपयांचा दंड आज थट्टेसारखा वाटतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विहित पद्धतीने केलेले खच्चीकरण, डागणी आणि वेसण घालणे हे क्रूरतेच्या कलमातून वगळले गेले, म्हणजे गोऱ्ह्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या वेदना गुन्ह्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. खच्चीकरणासाठी पुढे पशुवैद्याचा चिमटा आला, तरी दगडावर ठेचून गोऱ्हा बडवण्याची रीत जुन्या माणसांच्या चांगलीच लक्षात आहे.

1965 च्या नियमांनी टोकदार काठीला, म्हणजे आर लावलेल्या पराणीला, मनाई केली. ओढकामाच्या जनावराला दिवसात 9 तासांहून अधिक आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तेथे दुपारी 12 ते 3 या वेळेत जुंपू नये, असेही सांगितले. मराठवाड्यातील उन्हाळा आणि ऊसतोडीच्या गाड्या पाहता हा नियम कागदावर राहणे अटळच होते, कारण तोडणी-वाहतुकीची मजुरी टनावर ठरते आणि गाडीत जादा मोळ्या भरल्या की बैलाची शेपटी पिरगाळणारा हात बहुधा स्वतःच उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीच्या, कर्जात अडकलेला असतो.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू (तमिळनाडूतील बैलाला आवरण्याचा खेळ) व बैलगाडा शर्यती बंद केल्या आणि अनावश्यक वेदनेपासून मुक्तता हा प्राण्याचाच हक्क मानला. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. 2023 मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवून अटींसह शर्यतींना मुभा दिली. त्याच वर्षी केंद्राच्या नियमांनी खच्चीकरणासाठी नोंदणीकृत पशुवैद्य आणि भूल आवश्यक केली.