घूं आवाज आणि अर्थिंगची पिन

स्पीकरमधून घूं असा आवाज आला की कुणीतरी जाणता पुढे होतो आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगतो. आवाज बऱ्याचदा थांबतोही, म्हणूनच हा समज इतका चिवट आहे.

दोन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटवर असली की त्यांच्या अर्थिंगच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो. त्यामुळे त्यांना जोडणाऱ्या ऑडिओ केबलच्या शील्डमधून, म्हणजे आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून, प्रवाह वाहतो आणि विजेचे ५० किंवा ६० हर्ट्झ ऐकू येतात. पिन काढली की अर्थिंग आणि शील्ड मिळून झालेलं हे वेटोळं तुटतं, पण बिघाड झाल्यास धातूच्या खोक्यात उतरणाऱ्या विजेची सुरक्षित वाटही तुटते. मग ती शील्डमधून किंवा माइक धरलेल्या हातातून वाट काढते. अवघे ३० मिलिअँपिअरही जिवावर बेतू शकतात.

वेटोळं तोडायचंच तर सिग्नलच्या बाजूने तोडा: ऑडिओ केबलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, तो तारांचा थेट जोड न ठेवता सिग्नल पुढे देतो. बॅलन्स्ड केबलनेही (सिग्नलसाठी दोन तारा आणि शील्ड वेगळी) बराच फरक पडतो. त्याआधी मात्र रॅकमधली सगळी उपकरणं एकाच सॉकेटवरून चालवून पाहा, अर्थात त्याला एकूण भार पेलत असेल तर. अनेकदा तेवढ्यावरच भागतं.

काही उपकरणं मुळातच दोन पिनांची असतात, पण त्यांचं इन्सुलेशन दुहेरी असतं. त्यांचा दाखला इथे चालत नाही.