वाढीची तुलना आणि नात्याचा हिशेब : पार्श्वभूमी

दोन निरीक्षणे एकाच मुळातून आलेली असतील तर त्यांना दोन पुरावे म्हणता येत नाही, ही शंका १८८९ मध्ये लंडनमध्ये छापल्या गेलेल्या एका चर्चेत मानवी समाजांच्या चालीरीतींबाबत काढली गेली होती. पुढे जीवशास्त्रात प्रजातींच्या वाढीची तुलना सुरू झाली : सापेक्ष वाढीचे, म्हणजे शरीराच्या तुलनेत एखादा अवयव किती वाढतो हे सांगणारे, घातांकी सूत्र १९३२ मध्ये रूढ झाले, माशांसाठी आजही वापरले जाणारे वाढीचे समीकरण १९३८ मध्ये आले. नातलग प्रजातीही एकाच मुळातून आलेल्या असतात, तरीही प्रजातींच्या तुलनेत ही शंका अर्धशतक जवळजवळ दुर्लक्षितच राहिली.

ससून डॉकवर उतरणारे बांगडा, सुरमई आणि कुपा एकाच कुळातले आहेत. कमाल लांबी आणि वाढीचा वेग यांच्या आलेखावर त्यांचे तीन बिंदू दिसतात, पण ते तीन स्वतंत्र पुरावे नव्हेत. चपटे पापलेट त्यांच्याहून निराळे दिसते, तरी डीएनएवर आधारलेल्या वंशवृक्षांनी, म्हणजे प्रजातींच्या नात्यांच्या आराखड्यांनी, त्यालाही त्याच मोठ्या शाखेत बसवले आहे. बोंबील मात्र खरोखरच दूरचा आहे.

१९८५ मध्ये वंशवृक्षाच्या फांद्यांवरून स्वतंत्र तफावती, म्हणजे नातलग शाखांमधले एकमेकांवर अवलंबून नसलेले फरक, काढण्याची रीत आली आणि काही वर्षांतच नाते थेट समाश्रयणात, म्हणजे बिंदूंमधून रेषा बसवण्याच्या गणितात, धरण्याची सोय झाली. खरा वाद १९९५ च्या सुमारास पेटला. नात्याचा वाटा वजा केला की परिस्थितीने घडवलेला आणि वंशाने टिकवलेला फरकही वजा होतो, असे एका बाजूचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य होते. नात्याचे वजन आकडेवारीवरूनच ठरवणारा 'लॅम्डा' हा गुणांक पुढे आला, तेव्हा वाद मिटल्यासारखा वाटला. प्रत्यक्षात नवा गोंधळ सुरू झाला : अनेकांनी लांबी आणि वाढीचा वेग यांचा लॅम्डा वेगवेगळा काढला आणि तो कमी दिसताच वंशवृक्ष बाजूला ठेवला. समाश्रयणाचे गृहीतक मात्र मूळ गुणांबद्दल नसून रेषेपासून उरणाऱ्या फरकांबद्दल आहे. शरीराच्या आकारात नात्याची छाप जवळजवळ नेहमीच ठळक असते, पण उरलेल्या फरकांत ती असेलच असे नाही. म्हणून लॅम्डा आणि रेषा एकाच वेळी काढणे हाच योग्य मार्ग आहे. मात्र प्रजाती विसापेक्षा कमी असतील, तर त्या लॅम्डावर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

अलीकडे लक्ष मोजमापातल्या चुकीकडे वळले आहे. वाढीचा वेग आणि कमाल लांबी एकाच समीकरणातून निघत असल्याने एकाच प्रजातीच्या अंदाजातही एक वाढला की दुसरा घटतो, आणि प्रजातींमधल्या व्यस्त संबंधात हा गणिती भाग बेमालूम मिसळतो. आपल्या उष्ण समुद्रातील माशांचे वय पुष्कळदा पकडीतील लांबीच्या वारंवारितेवरून, म्हणजे कोणत्या लांबीचे किती मासे सापडले यावरून, ठरते, त्यामुळे इथल्या आकड्यांत ही अनिश्चितता जास्त असते, आणि वंशवृक्ष कितीही अचूक असला तरी तो ती भरून काढत नाही.