आधी फिट की आधी इजा: अपस्मार, हिप्पोकॅम्पस आणि स्मृती यांची पार्श्वभूमी

मिरजेत मेंदूचा एमआरआय करून परतणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाच्या अहवालात कधी कधी ‘डावा हिप्पोकॅम्पस आकाराने लहान, मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिसची शक्यता’ अशी एक ओळ असते. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाजवळच्या टेम्पोरल लोब या मेंदूच्या भागाच्या आतल्या बाजूचा, नवी स्मृती घडवणारा भाग; तो आक्रसून टणक होणे म्हणजे मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस. कऱ्हाड, जत किंवा तासगावहून सोबत आलेले घरचे लोक त्यावर दोन प्रश्न विचारतात. ही इजा फिटमुळे झाली की इजेमुळे फिट येते, हा पहिला; आणि माणसाच्या काही लक्षात राहत नाही ते यामुळेच का, हा दुसरा. दुसऱ्याला आज बऱ्यापैकी ठाम उत्तर देता येते. पहिल्याने मात्र वैद्यकशास्त्राला जवळजवळ दोनशे वर्षे झुलवत ठेवले, आणि उपचार किती लवकर व किती जोराने करायचे हे अजूनही त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. त्यामुळे पुढील मजकुरात त्या वादाला जागा अधिक मिळाली आहे.

अपस्माराचे सगळेच प्रकार हिप्पोकॅम्पसशी निगडित नसतात. येथे विचार आहे तो टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला उगम पावणाऱ्या प्रकाराचा, जो अनेकदा फिट म्हणून ओळखलाच जात नाही, कारण त्यात माणूस सहसा पडत नाही आणि तोंडाला फेसही येत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना अडत्याचा दिवाणजी भाव वहीत लिहिता लिहिता थांबतो. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे त्याला वाटते, नजर एका जागी ठरते, ओठ चघळल्यासारखे हलू लागतात आणि डाव्या हाताची बोटे सदऱ्याचे बटण चाचपत राहतात. दीड-दोन मिनिटांनी तो भानावर येतो तेव्हा पेन हातातच असते, पण मधले दोन-तीन पुकारे त्याच्या लेखी झालेलेच नसतात. ‘दिवाणजी, कुठं हरवलासा?’ एवढे विचारून शेजारचा हमाल पोते उचलतो. अशा माणसाला आधी देवऋष्याकडे आणि मग कधीतरी डॉक्टरकडे नेले जाते, आणि मध्ये वर्षे जातात. वादाचा खरा विषय ही मधली वर्षे आहेत.

प्राचीन काळाबद्दल येथे फारसे लिहिण्याचे कारण नाही. चरकसंहितेने अपस्माराचे लक्षण सांगताना बुद्धीच्याही आधी स्मृतीच्या बिघाडाचा उल्लेख केला, एवढी नोंद पुरे. आजाराचे नाते हिप्पोकॅम्पसशी जोडले गेले ते १८२५ साली पॅरिसमध्ये, जेव्हा अपस्माराने पीडित रुग्णांच्या शवविच्छेदनात हा भाग आक्रसलेला आणि हाताला टणक लागला. पुढे १८८० साली, एकाच वर्षात, दोन परस्परविरोधी निष्कर्ष छापून आले. पूर्व प्रशियातील एका मनोरुग्णालयाच्या डॉक्टरांनी ९० प्रकरणांचा आढावा घेऊन हिप्पोकॅम्पसच्या एका ठरावीक पट्ट्यातील चेतापेशी नष्ट झालेल्या असतात असे दाखवले आणि फिटचे मूळ तेथेच आहे असे मत मांडले. ऑस्ट्रियातील दुसऱ्या डॉक्टरांनी फिटांच्या माऱ्यात दगावलेल्यांच्या मेंदूत ताजी इजा पाहिली होती, म्हणून त्यांच्या मते ती फिटचा परिणाम होती. दोघांनी पाहिले ते खरे होते. वाद पेटला तो त्यावरून काढलेल्या अर्थाचा.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पारडे परिणामाच्या बाजूने झुकले. फिटच्या वेळी रक्तवाहिन्या आकुंचित होऊन या नाजूक पेशींचा रक्तपुरवठा तुटतो, असे मानले जाई. १९५३ साली कॅनडातील शल्यविशारदांनी ते पुन्हा दुसरीकडे झुकवले. जन्माच्या वेळी बाळाचे डोके दाबले जाऊन हा भाग चेपतो आणि पुढे तेथून फिट येऊ लागते, असे त्यांचे म्हणणे होते. १९६४ साली लंडनमध्ये टेम्पोरल लोबचा तुकडा अखंड काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत रुळलेली होती, आणि अशा अनेक रुग्णांच्या पूर्वेतिहासात लहानपणी तापात आलेली लांबलेली फिट सापडली.

तापातल्या फिटला आपल्याकडे ‘ताप डोक्यात गेला’ असे म्हणतात, आणि असे मूल पुढे मंद होणार अशी भीती घरात कायमची बसते. येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण या मुद्द्यावर गैरसमजांनी पुष्कळ नुकसान केले आहे. साधारण २ ते ५ टक्के मुलांना तापात फिट येते आणि त्यांतील बहुसंख्य मुलांचे पुढे काहीही बिघडत नाही. धोका असतो तो अर्ध्या तासाच्या वर लांबलेल्या फिटमध्ये. अमेरिकेत अशा १९९ मुलांचा पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ ते २०१४ या काळात प्रसिद्ध झाले. सुमारे दहातल्या एका मुलाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये फिटनंतर काही दिवसांतच सूज दिसली, आणि तशा मुलांपैकी वर्षभराने ज्या १४ जणांचा एमआरआय पुन्हा झाला त्यांतील १० जणांत तो भाग आक्रसलेला होता. म्हणजे लांबलेली फिट इजा करते, हे जिवंत माणसात पाहता आले. पण त्याच अभ्यासात काही मुलांच्या हिप्पोकॅम्पसचे वळण मुळातच नीट झालेले नव्हते असेही आढळले, आणि इजा हेच फिटचे कारण मानणाऱ्यांना त्यांचा धागा परत मिळाला.

परिणामाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा त्याआधी दोन ठिकाणांहून आला होता. १९७३ साली बबून माकडांवर झालेल्या प्रयोगात स्नायू औषधाने शिथिल करून आणि श्वास यंत्राने चालू ठेवून फिट लांबवली गेली. शरीराला झटके नव्हते, ऑक्सिजन कमी पडला नव्हता, तरीही हिप्पोकॅम्पसच्या पेशी मेल्या. फिटच्या वेळी चेतापेशींत उसळणारा विजेचा मारा स्वतःच घातक असतो, हे त्यातून कळले. दुसरा पुरावा कोणी मागितलेला नव्हता. १९८७ साली कॅनडात समुद्री शिंपल्यांतून डोमोइक आम्ल पोटात जाऊन शंभराहून अधिक लोकांना विषबाधा झाली. हे आम्ल ग्लुटामेट या मेंदूतील उत्तेजक रसायनासारखे वागून चेतापेशींना अतिरेकी उत्तेजित करते. काही जणांची नवी स्मृती कायमची गेली, दगावलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मोठी इजा आढळली, आणि वाचलेल्या एका वृद्धाला सुमारे वर्षभराने टेम्पोरल लोबचा अपस्मार जडला. आधी इजा, मग काही काळ सामसूम आणि नंतर फिट, हा क्रम यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसला असेल.

मधल्या सामसूम काळात काय घडते याचे चित्र १९८०च्या दशकात उलगडले. हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ नावाच्या पट्ट्यातील आणि आतील पेशी मेल्यावर त्याला लागून असलेल्या डेंटेट भागातील पेशींचे तंतू लक्ष्य हरवल्यामुळे मागे वळतात आणि आपल्याच शेजारणींना जोडले जातात. उत्तेजना पुढे जाण्याऐवजी तेथेच घुमू लागते, प्रत्येक मोठी फिट आणखी काही पेशी घेऊन जाऊ शकते, आणि ओसाड जागा ग्लिया या आधार देणाऱ्या पेशींच्या व्रणाने भरते. १८८०चे दोन्ही डॉक्टर त्यामुळे बरोबर ठरतात, आणि प्रस्तुत लेखकाला तरी ‘फिट कधीमधीच येते, चालवून घेऊ’ हा आपल्याकडचा सल्ला त्यानंतर समर्थनीय वाटत नाही. अर्थात सगळा दोष लांबलेल्या वर्षांवर ढकलता येत नाही, कारण नव्याने निदान झालेल्या आणि एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांतही स्मृतीच्या चाचण्यांत उणीव सापडते.

स्मृतीचा भाग शास्त्राला कळला तो एका शस्त्रक्रियेने. १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्डमध्ये २७ वर्षांच्या एका रुग्णाचा दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढण्यात आला. फिट कमी झाल्या, पण त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट त्याच्या लक्षात टिकेना. आरशात पाहून चांदणीची रेघ गिरवण्याचा सराव त्याला रोज अधिक चांगला जमे, मात्र आदल्या दिवशी आपण ते केले होते हे त्याला आठवत नसे. १९५७ साली हे प्रकरण प्रसिद्ध झाले आणि स्मृतिविज्ञानाचा पाया त्यावर उभा राहिला. २००८ साली तो वारला, त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करण्यात आले, आणि २०१४च्या अहवालात हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग बराच शिल्लक होता असे दिसले. एका रुग्णाच्या विस्मरणातून जगाला एवढे ज्ञान मिळाले. इतर लाखो अपस्मारग्रस्तांची ‘लक्षात राहत नाही’ ही तक्रार मात्र पुढेही कितीतरी वर्षे किरकोळ मानली गेली.

ही तक्रार तपासणीत न सापडण्याचे एक कारण आता माहीत आहे. नेहमीच्या चाचणीत शब्दांची यादी वाचून दाखवतात आणि अर्ध्या तासाने विचारतात. काही रुग्णांना तेव्हा सगळे आठवते. गळती लागते ती पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत. चाचणी चांगली येते, आणि घरी बायको सांगते की मागच्या महिन्यातले मेहुण्याचे लग्न यांना आठवत नाही. शिवाय दोन फिटांच्या मध्ये ईईजीवर (मेंदूतील विजेच्या आलेखावर) दिसणारे क्षणिक स्पाइक, म्हणजे टोकदार उसळ्या, विशेषतः झोपेतले, हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचा वरचा थर यांच्यातील ज्या संवादातून स्मृती पक्की होते तो विसकटतात. त्यात औषधांची भर पडते. १९१२पासून वापरात असलेले फिनोबार्बिटोन स्वस्त असल्याने अजून लिहिले जाते आणि ते तल्लखपणा कमी करते. टोपिरामेटमुळे शब्द पटकन आठवत नाहीत. गोळीने विसर पडतो म्हणून परस्पर गोळी बंद करणे मात्र घातक ठरते, कारण त्यातून न थांबणाऱ्या फिटचा धोका असतो.

निदानाला लागणाऱ्या वर्षांमागे कायदाही होता. १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा विवाहाला अडथळा ठरवण्यात आला आणि १९९९ साली तो शब्द वगळण्यात आला. कलम गेले, पण स्थळ ठरवताना फिट लपवण्याची रीत त्यासोबत गेली नाही. लहानपणीच्या फिटचा इतिहास डॉक्टरांना मिळत नाही तो यामुळेही.

दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. भारतात अपस्मारावरील शस्त्रक्रिया वेल्लोरला १९५२ साली झाली होती. तिरुअनंतपुरमला १९९५पासून नियमित कार्यक्रम सुरू झाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ८० रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेर भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ८ टक्के होते. स्मृतीचा हिशेब यापेक्षा अवघड आहे. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर शब्दस्मृती घटण्याचा धोका सुमारे ४४ टक्के, तर उजव्या बाजूला २० टक्के धरला जातो. त्यातही ज्याचा हिप्पोकॅम्पस आधीच आक्रसून निकामी झाला आहे त्याचे कमी जाते, आणि एमआरआयवर जो भाग धडधाकट दिसतो तो काढल्यास अधिक जाते. दिवाणजीसारख्या, नावे आणि भाव लक्षात ठेवण्यावर पोट असलेल्या माणसाला फिट थांबण्याच्या बदल्यात शब्दस्मृती पणाला लावायची का, हे त्यालाच ठरवावे लागते.

त्यासाठी शस्त्रक्रियेआधीची स्मृती मोजलेली असावी लागते. सांगली-साताऱ्याकडून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या अनेक फायलींत एमआरआय, ईईजी आणि फिटांच्या तारखांची वही असते, पण मराठी शब्दांच्या यादीवर घेतलेली, अर्ध्या तासाने आणि पुन्हा काही आठवड्यांनी विचारलेली स्मृतिचाचणी नसते.