घरी प्लायचे कपाट करताय? राउटर लावण्याआधी हे वाचा

स्वतःच्या हाताने कपाट करायला घेतलेले अनेक ग्राहक आमच्याकडून राउटर (फिरत्या पात्याने लाकडाची कड छाटणारे, खाच पाडणारे मशीन) किंवा ट्रिमर (त्याचाच छोटा प्रकार) नेतात. सोबतची पुस्तिका मशीन कसे चालू करायचे ते सांगते, पण प्लायवर ते कसे वागते हे तिच्यात नसते. म्हणून हे पत्रक.

राउटर स्वतःहून सरळ कापत नाही. त्याचे बेअरिंग (पात्यावरची मोकळी फिरणारी चकती) किंवा बूड (मशीनचा सपाट तळ) ज्या कडेला टेकून चालते, त्या कडेची तो हुबेहूब नक्कल करतो. कड सरळ असेल तर काप सरळ येतो. कडेवर फेव्हिकॉलचा वाळलेला थेंब असेल, तर त्या थेंबाचाही उंचवटा कापात उतरतो. त्यामुळे मशीन हातात घेण्याआधीचा वेळ पट्टी, गुण्या आणि क्लॅम्पवर घालवा. काम तिथेच अर्धे होते.

मशीन आणि बिट

सनमायका छाटणे, कडा गोल करणे, पाठीच्या प्लायसाठी खाच पाडणे एवढ्यासाठी ट्रिमर पुरतो. बिट, म्हणजे मशीनमध्ये बसवायचे कापणारे पाते, कार्बाइडचेच (स्टीलपेक्षा कठीण धारेचे) घ्या. प्लायच्या थरांमधला गोंद साध्या स्टीलच्या बिटची धार लवकर मारतो. बाजारात ६ मिमी आणि पाव इंच (६.३५ मिमी) अशा दोन्ही दांड्यांची बिट मिळतात आणि ती दिसायला सारखीच असतात. पाव इंची कॉलेटमध्ये (बिटची दांडी पकडणारी मशीनची पकड) ६ मिमीची दांडी कधीही कसू नका. ती घट्ट झाल्यासारखी वाटते आणि पूर्ण वेगात सरकते. दांडी तळापर्यंत घाला, मग दोनेक मिमी वर उचलून नट आवळा. बिट बदलताना प्लग काढलेलाच हवा, नुसते बटण बंद असून भागत नाही.

फळ्या एकसारख्या करणे

चार फळ्या करवतीने तंतोतंत सारख्या कापण्याचा हट्ट धरू नका. एक फळी किंवा १२ मिमी एमडीएफचा (लाकडाचा लगदा दाबून केलेली सपाट फळी) एक साचा अगदी काटकोनात तयार करा. बाकीच्या फळ्या दोन-तीन मिमी मोठ्या कापा, साच्यावर क्लॅम्प करा आणि बेअरिंगच्या सरळ बिटने जादाचा भाग काढून टाका. साचा खाली असेल तर टोकाला बेअरिंग असलेले बिट लागते, वर असेल तर दांडीकडे बेअरिंग असलेले. कडेत आधी खिळे मारले असतील तर ते शोधून काढा. बिनडोक्याचा खिळा दिसत नाही, पण कार्बाइडचा तुकडा उडवायला तेवढा पुरतो.

कुठल्या दिशेने ढकलायचे

सर्वात जास्त चुका इथे होतात. फळी टेबलावर आडवी, मशीन तिच्यावर आणि कापायची कड तुमच्या बाजूला असेल, तर मशीन डावीकडून उजवीकडे न्या. फळीच्या बाहेरून पूर्ण फेरी मारायची असेल तर घड्याळाच्या उलट दिशेने, आतले भोक मोठे करायचे असेल तर घड्याळाच्या दिशेने. उलटे गेलात तर बिट लाकडावर चढते आणि मशीन हातातून पुढे पळते.

वरच्या थराच्या रेषांना आडवा काप जातो तिथे शेवटच्या कोपऱ्याची साल उडते. त्या टोकाला टाकाऊ प्लायचा तुकडा कडेशी सपाट लावून क्लॅम्प करा, म्हणजे फुटायचे ते त्या तुकड्याचे फुटेल. कड जळून काळी पडत असेल तर तुम्ही फार हळू जात आहात किंवा बिटची धार गेली आहे.

सनमायका

पत्रा चारही बाजूंनी तीन-चार मिमी बाहेर ठेवून चिकटवा आणि गोंद पूर्ण वाळू द्या. ओल्या गोंदावर ट्रिमर फिरवला तर बेअरिंग चिकटून बसते, बिटबरोबर गरगरते आणि शेजारच्या तयार सनमायकावर ओरखडा उमटतो. आधी कडेवर ओघळलेला गोंद पटाशीने खरवडा, तयार बाजूवर मास्किंग टेप लावा. १८ मिमीच्या उभ्या कडेवर मशीन डोलते, कारण अर्धे बूड हवेत असते. शेजारी प्लायचा जाड ठोकळा कडेच्या पातळीत बांधलात की ते स्थिर राहते.

खाचा

दुकानात १८ मिमी म्हणून मिळणारा प्लाय प्रत्यक्षात बऱ्याचदा थोडा पातळ भरतो, ६ मिमीचाही तसाच. छापील आकड्यावर विसंबून खाच पाडली की फळी आत खुळखुळते. तुमचा प्लाय व्हर्नियरने मोजा, त्याहून लहान बिट घ्या आणि पट्टी सरकवून दोन फेऱ्यांत रुंदी गाठा. खोली १८ मिमीच्या फळीत साधारण ६ मिमी पुरते, तीही तीन-तीन मिमीच्या दोन टप्प्यांत.

कडेला आकार

नुसत्या प्लायची कड गोल करू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. आतले थर आणि त्यांच्यातल्या पोकळ्या उघड्या पडतात, आणि कोकणासारख्या दमट हवेत तिथूनच पाणी शिरते. आधी सागाची पट्टी चिकटवा, वाळल्यावर ती प्लायच्या पातळीत छाटा, मग ३ मिमी त्रिज्येचे गोलाईचे बिट फिरवा. गोलाई पट्टीतच राहिली पाहिजे, म्हणून पट्टी त्रिज्येपेक्षा जाड घ्या. पाठीमागच्या न दिसणाऱ्या कडांनाही सीलरचा हात द्या.

अंगावर काय हवे

चष्मा, कानाचे प्लग आणि एन-९५ मास्क. प्लायच्या भुशात लाकडाबरोबर गोंदही असतो आणि तो बारीक भुसा छातीत जातो. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून मान्य झालेली आहे, त्यामुळे गॅलरीत काम करत असाल तरी मास्क काढू नका, आणि लहान मुलांना तिथे थांबू देऊ नका. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी काढून ठेवा. मशीन लाकडाला लागण्याआधी पूर्ण वेगात येऊ द्या, आणि बंद केल्यावर बिट थांबेपर्यंत दोन्ही हात मुठीवर ठेवा.

पहिल्यांदाच वापरणार असाल तर मशीन नेण्याआधी तुमच्याच प्लायचे दोन-तीन तुकडे घेऊन दुकानात या. आमच्या टेबलावर तुमच्याकडून काप घेऊन दाखवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.